दहा हजारांचं कर्ज आणि सातवीचं गणित



सातवीच्या गणितात ‘बँक व सरळव्याज’ हा घटक आहे. मुद्दल, दर, मुदत ओळखायची, सूत्रात किमती घालायच्या आणि उत्तर काढायचं. मुलं हे छान करतात. पण त्याच मुलाच्या घरी, पत्र्याच्या पेटीत, आईचं कर्जाचं कार्ड असतं. ते त्याला वाचता येतं का?

माझं मत सरळ आहे. लहान उद्योगाला लहान कर्ज मिळायलाच पाहिजे. पण त्या कर्जाचा हिशेब घरात कुणाला तरी आला पाहिजे, नाहीतर तेच कर्ज घराच्या मुळावर येतं. आणि हा हिशेब शिकवण्याचं काम आपल्या शाळेचं आहे.

आधी लहान कर्जाची ताकद बघू. १९७६ साली बांगलादेशातल्या जोब्रा गावात अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांना दिसलं, की बांबूची बैठी स्टुलं विणणाऱ्या बायांची जवळपास सगळी कमाई कच्चा माल उसना देणाऱ्याच्या घशात जाते. गावातल्या अशा ४२ जणांची मिळून गरज होती फक्त २७ डॉलरची! ती त्यांनी खिशातून भागवली. त्यातूनच पुढे १९८३ साली ग्रामीण बँक उभी राहिली, आणि २००६ साली युनूस व ही बँक यांना मिळून शांततेचा नोबेल पुरस्कार मिळाला. आज ‘किवा’सारख्या संस्थेमार्फत जगातला कुणीही माणूस लहानशी रक्कम दूरच्या देशातल्या शिंप्याला किंवा भाजीवालीला उसनी देऊ शकतो.

आपल्याकडेही हे नवं नाही. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं ‘माविम’, १९७५ सालचं. बचत गटांना बँकेशी जोडण्याचा कार्यक्रम नाबार्डने १९९२ साली सुरू केला. साताऱ्यातल्या म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. आता गावोगावी ‘उमेद’चे गट आहेत. बचत गट म्हटलं की काही जण ‘पापड-लोणची’ म्हणून हसतात. हसू नका. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय. तीच हळद बाजारात क्विंटलवर विकली तर एक भाव, आणि दळून, पाकीट करून किलोवर विकली तर दुसरा. या दोन भावांच्या मधे असते एक चक्की, थोडा माल आणि दहा-वीस हजारांचं भांडवल. हे भांडवल हाती नसतं, म्हणून नफा दुसऱ्याच्या घरी जातो.

आता दुसरं कर्ज बघा, ज्याला आपण कर्ज म्हणत नाही. त्याचं नाव ‘उचल’. दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातल्या वाडी-तांड्यांवरच्या शाळांत पट तोच राहतो, पण वर्ग रिकामे होतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि नवरा-बायकोचा ‘कोयता’ ऊसतोडीला निघतो. मागोमाग लेकरंही. हंगाम संपतो तेव्हा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो, आणि उचल फिटली नाही तर पुढच्या साली पुन्हा जावं लागतं. उचलही पैसाच आणि गटाचं कर्जही पैसाच. पण उचल फेडायला गाव सोडावं लागतं, आणि गटाच्या कर्जातून गावातच दोन पैसे मिळवून ते फेडता येतं. मुलांच्या शाळेच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

म्हणून आता गणिताकडे येऊ.

पुस्तकात व्याजाचा दर ‘द.सा.द.शे.’ असतो. गावात मात्र बोलतात ‘शेकडा दोन’, ‘शेकडा पाच’, आणि तो असतो महिन्याचा! मुलाला वाटतं, बँकेच्या ७ पेक्षा शेकडा दोन स्वस्त. पण शेकडा दोन म्हणजे द.सा.द.शे. २४, आणि शेकडा पाच म्हणजे ६०.

आता हे उदाहरण फळ्यावर लिहा. गटातून १०,००० रुपये घेतले, शेकडा दोनने. दर महिन्याला १,००० रुपये मुद्दल फेडायची, म्हणजे मुदत १० महिने. व्याज उरलेल्या मुद्दलावर लावलं तर पहिल्या महिन्याला २००, मग १८०, १६०, असं उतरत शेवटी २०. बेरीज १,१००. पण व्याज शेवटपर्यंत मूळ १०,००० वरच लावलं तर दर महिन्याला २००, म्हणजे एकूण २,०००. कर्ज तेच, बोलायचा दरही तोच, आणि फरक ९०० रुपयांचा. सातवीचं पोर हे पाच मिनिटांत करतं. आणखी एक प्रश्न विचारा: हे व्याज जातं कुठे? गटाच्या स्वतःच्या पैशातून कर्ज दिलं असेल तर व्याज गटातच राहतं, म्हणजे फिरून आईच्याच वाट्याला येतं. सावकाराकडे गेलेलं परत येत नाही.

दरानंतर बघायची ती वेळ. चहाच्या टपरीला किंवा दुधाच्या धंद्याला रोज पैसा येतो, तिथे आठवड्याचा हप्ता झेपतो. पण शेळी घेतली तर? गाभण काळच पाच महिन्यांचा. करडू विकण्याजोगं व्हायला आणखी सहा-आठ महिने. हप्ता मात्र लगेच सुरू झाला तर तो शेळी फेडत नाही, आईची मजुरी फेडते. मग एक हप्ता भरायला दुसरं कर्ज, आणि ते भरायला तिसरं. तेव्हाच्या अविभाजित आंध्र प्रदेशात हेच वाढत गेलं. एकेका घरावर अनेक कंपन्यांची कर्जं झाली, वसुलीचा जाच झाला, आत्महत्यांच्या बातम्या आल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या सरकारला अध्यादेश काढावा लागला.

कर्ज हे सगळ्या दुखण्यांवरचं औषध नाही, हेही मान्य करू. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या वस्त्यांमध्ये केलेल्या अभ्यासात दिसलं, की लहान कर्जाने आधीपासून चालू असलेले काही धंदे वाढले, पण मुलांचं शिक्षण किंवा घरातलं बाईचं स्थान यात सरासरी काही मोठा फरक पडला नाही. पैसा धंद्याला बळ देतो. मूल शाळेत टिकवायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

पालकांनी रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम जरूर लक्षात ठेवावेत. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला मिळणाऱ्या अशा सूक्ष्म कर्जाला तारण मागता येत नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. कर्जाचं कार्ड आपल्याला समजेल अशा भाषेत मिळालं पाहिजे. आणि वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी किंवा संध्याकाळी ६ नंतर फोन करून तगादा लावता येत नाही.

शिक्षक मित्रांनो, वर्गात एवढं करून बघा:

१. एक काल्पनिक कर्जाचं कार्ड तयार करा आणि ते मुलांना वाचायला, तपासायला द्या.

२. गावातल्या एखाद्या गटाच्या अध्यक्षताईंना शाळेत बोलवा. गटाची वही त्यांच्याच तोंडून समजून घ्या. त्या वहीत बेरीज, वजाबाकी, शेकडेवारी सगळं आहे.

३. शेळी, शिलाई मशीन, हळदपूड यांपैकी एक धंदा निवडून ‘पैसा कधी येणार आणि हप्ता कधी जाणार’ याचा बारा महिन्यांचा तक्ता मुलांकडून करून घ्या.

एक पथ्य मात्र पाळा. ‘तुमच्या घरी कर्ज किती?’ असं कुठल्याही लेकराला चारचौघांत विचारू नका. ती घरची लाज होऊन बसते आणि मूल गप्प होतं. काल्पनिक कार्डावर शिकलेलं मूल घरी गेल्यावर आपणहून आईची पेटी उघडेल.

आणि पालकहो, लेकराने ‘आई, कार्ड दाखव’ म्हटलं तर ‘तुला काय कळतंय’ असं म्हणू नका. त्याला शाळेत हेच शिकवलंय. त्याच्याकडून हिशेब करून घ्या, आणि मगच पुढच्या कर्जावर सही करा.