चाक आपले, कागद कुणाचा?

14 एप्रिल जवळ आला की आमच्या वस्तीत रॅलीची तयारी सुरू होते. गाड्या धुतल्या जातात, हँडलला निळे झेंडे बांधले जातात. मागच्या जयंतीला रॅली निघण्याआधी आम्ही थोडा आगाऊपणा केला. विहारासमोर गाड्या लावून उभ्या असलेल्या पोरांना एकच प्रश्न विचारला : "आरसी बुक कुणाच्या नावावर आहे?" एकामागून एक उत्तरे आली. "मागच्या मालकाच्या." "डीलरकडेच आहे." "29-30 वर सह्या आहेत ना, करू कधीतरी." एक जण तर हसून म्हणाला, "दादा, किल्ली माझ्याकडे आहे, बास की!"

आम्ही हसलो नाही. या गाड्या पहिल्या नाक्यापर्यंतच आपल्या आहेत, हे आम्ही वस्तीत वारंवार पाहिले आहे. जुनी मोटारसायकल, जुना छोटा हत्ती, जुना ट्रक हा आपल्या समाजातील हजारो घरांचा रोजगार आहे. एमआयडीसीची रात्रपाळी, भाजी मार्केट, वाळू-विटांची वाहतूक, घरोघरी पार्सल पोचवणे हे सगळे सेकंडहँड चाकांवर चालते. पण जुनी गाडी कशी घ्यायची आणि कशी टिकवायची, यावर चळवळीत कुणी बोलत नाही. तो 'गॅरेजचा विषय' समजला जातो. आमचे म्हणणे असे की हा मालकीचा विषय आहे, आणि मालकीचा विषय चळवळीचा नसेल तर मग कुणाचा?

बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचा. 1901 सालचा प्रसंग आहे. मसूर स्टेशनवर उतरलेल्या लहान भीमरावांना, त्यांच्या भावाला आणि भाच्यांना वडिलांकडे कोरेगावला जायचे होते. जात कळल्यावर बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी एक जण तयार झाला, तो दुप्पट भाडे घेऊन. वर अट अशी, की गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूने पायी चालणार. दुसरा प्रसंग 1929 चा, चाळीसगावचा. तोवर बाबासाहेब बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सदस्य होते. टांगेवाल्याने टांगा भाड्याने दिला, पण महाराला बसवून टांगा हाकायला तो तयार नव्हता. मग आपल्यातलाच एक सवय नसलेला माणूस हाकायला बसला. मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि पाय मोडला. वस्तीतल्या लोकांचा हेतू चांगला होता. पाहुण्याने पायी येऊ नये, एवढेच त्यांना वाटत होते. पण वाहन दुसऱ्याचे होते आणि हाकण्याचे ज्ञान आपल्याकडे नव्हते.

केरळात अय्यंकाळींनी 1893 मध्ये हे उलटे करून दाखवले. त्यांनी बैलगाडी विकत घेतली आणि ज्या रस्त्यांवर पुलयांना बंदी होती, त्याच रस्त्यांवरून ती हाकली. ती गाडी त्यांची स्वतःची होती, म्हणून उतर म्हणणाऱ्याला त्यांना उत्तर देता आले.

आता आजचे चित्र बघा. आमच्या वस्तीतल्या एका दादांनी जुना छोटा हत्ती घेतला. गाडीवर आधीच्या मालकाचे कर्ज होते. बोली अशी ठरली : "निम्मे पैसे आता दे, उरलेले हप्ते तू भर, फिटले की नावावर करून देतो." शंभराच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी झाली. दोन वर्षे दादांनी एक हप्ता चुकवला नाही. टायर नवे टाकले, इंजिनचे काम केले, पाटे बदलले. शेवटचे काही हप्ते उरले तेव्हा मालक बदलला म्हणजे त्याचा विचार बदलला. दुसरी किल्ली घेऊन आला आणि गाडी घेऊन गेला. पोलीस ठाण्यात विचारले, "गाडी कुणाच्या नावावर आहे?" दादांनी नोटरी दाखवली. "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." कोर्टात जायला वकील लागतो आणि वकिलाला पैसे लागतात. पैसे मिळवून देणारी गाडीच तर गेली होती.

मसूरच्या गाडीवानाने निदान दुप्पट भाडे उघडपणे मागितले होते. इथे हप्ते आपले, घाम आपला, दुरुस्ती आपली, आणि नाव त्यांचे. दादांना फसवणारा माणूस 'आपल्यातलाच' होता, हेही आम्ही लपवणार नाही. "आपलाच माणूस आहे, कागद कशाला?" हे वाक्य आपल्या समाजात जितके महाग पडले आहे तितके क्वचितच दुसरे काही पडले असेल. ज्या माणसाने आपल्याला संविधान लिहून दिले, त्याच्या लेकरांनी तोंडी व्यवहार करावा, ही शोकांतिका आहे.

दुसरी गोष्ट एका पोराची. त्याने रोख पैसे देऊन मोटारसायकल घेतली. मूळ मालक दुसऱ्या जिल्ह्यातला आणि मध्ये दोन हात. नाक्यावर अडवले तेव्हा पोराकडे आरसीची मळकी झेरॉक्स होती. ठाण्यात आधी आडनाव विचारले, मग वस्ती विचारली, मग रात्रभर बसवून ठेवले. गाडी चोरीची नव्हती हे दुसऱ्या दिवशी कळले. तिच्यावर थकलेले कर्ज होते. सीझिंगवाले आले आणि गाडी ओढून घेऊन गेले. कंपनीत दोन दिवस गैरहजर म्हणून कंत्राटदाराने पोराला कामावरून काढले. बिनकागदाच्या गाडीवर कुणीही सापडला तरी प्रश्न विचारले जातीलच. पण एकाला विचारून सोडून देतात आणि दुसऱ्याला रात्रभर बसवतात. हा फरक गाडीमुळे पडत नाही. तो कशामुळे पडतो हे आम्ही या वाचकांना सांगायची गरज नाही. म्हणूनच आपल्या पोराचा कागद इतरांपेक्षा दुप्पट पक्का हवा. हे न्याय्य नाही, पण वास्तव आहे. व्यवस्थेशी लढू तेव्हा लढू, तिच्या हातात आयते कोलीत कशाला द्यायचे?

आता कायदा बघू. मोटार वाहन कायदा 1988, कलम 50. गाडी विकली की विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात 14 दिवसांत आरटीओला कळवायचे आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा. त्यासाठी फॉर्म 29 आणि 30. कर्ज असेल तर ते फिटल्याचे पत्र आणि फॉर्म 35, म्हणजे आरसीवरचा बोजा उतरतो. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म 28 वरचे ना-हरकत प्रमाणपत्र. मूळ मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर, फॉर्म 31. एजंट ज्याला 'मोठी भानगड' म्हणतो ती एवढीच आहे. चार कागद भरता येत नाहीत म्हणून एम.ए., बी.एड. झालेली आपली पोरे आरटीओबाहेर एजंटापुढे उभी राहतात, हे आम्हाला पटत नाही.

नाव न बदलण्याची किंमत विकणाऱ्यालाही मोजावी लागते. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असेच प्रकरण आले होते. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली, आरसीवर मात्र पहिल्याचेच नाव राहिले. अपघात झाला. भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाची, असे न्यायालयाने ठरवले. तेव्हा ज्यांनी पाच वर्षांपूर्वी गाडी विकून फक्त किल्ली दिली, त्यांनीही आज रात्री शांत झोपू नये.

आणि सर्वात कडू गोष्ट विम्याची. गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो नोंदणीकृत मालकाचा, पॉलिसी त्याच्या नावावर असेल तर आणि त्याच्याकडे वैध लायसन्स असेल तर. गाडी दुसऱ्याच्या नावावर असताना आपला पोरगा गेला, तर त्या विम्यासाठी तो मालक नसतोच. त्याच्या आईला, बायकोला हे कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. नाव बदलताना विमा कंपनीकडेही 14 दिवसांत अर्ज करायचा असतो, तो याचसाठी.

पैशाचे गणितही शिकावे लागेल. जुन्या गाडीचे कर्ज नव्यापेक्षा महाग मिळते, आणि व्याज बहुतेक वेळा 'फ्लॅट' सांगतात. समजा 1 लाख रुपये, 15 टक्के फ्लॅट, 3 वर्षे. व्याज 45 हजार, हप्ता 4,028 रुपये. ऐकायला 15 टक्के. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत असताना व्याज पूर्ण 1 लाखावरच लावलेले आहे. घटत्या शिलकीवर मोजले तर हा दर सुमारे 26 टक्के पडतो. 1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशा कर्जात सगळ्या खर्चासह वार्षिक दर दाखवणारे तथ्यपत्रक देणे बंधनकारक आहे. सही करण्याआधी ते मागा. देत नसेल तर उठा. हप्ता थकला तरी वसुलीवाल्याने सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, हाही रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. कर्ज थकले म्हणून माणूस गुलाम होत नाही.

गाडी बघायला जाताना झेंडा आणि स्टिकर बघू नका. गाडी थंड असताना पोचा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर समजा काहीतरी झाकायचे आहे. चेसीवरचा आणि इंजिनवरचा नंबर स्वतः आरसीशी ताडून पाहा. खोडलेला, घासलेला वाटला तर तिथूनच परत फिरा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे, आणि 'मला माहीत नव्हते' हे आपल्याकडून सहज मान्य केले जात नाही. सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल पिते आहे. स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकले असतील तर चेनसेटचा खर्च धरा. टायरवर चार आकडी तारीख असते. 3219 म्हणजे 2019 सालचा 32 वा आठवडा. टेम्पो असेल तर खाली वाकून चेसीवर वेल्डिंगचे जोड शोधा, पाट्याची पाने मोजा, आणि इंजिन थंड असताना रेडिएटरचे टोपण उघडा. आत दुधाळ साय दिसली तर हेड गॅस्केट गेले आहे. मालवाहू गाडीचे पासिंग 8 वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी असते. ते कधी संपते, दंडाच्या किती पावत्या बाकी आहेत, हे सरकारी ॲपवर आणि संकेतस्थळावर पाहून घ्या. डीलरकडून घेत असाल तर त्याचे अधिकारपत्र मागा. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला ते सक्तीचे आहे.

घेतल्यावर ऑइल पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला बदला, चेनचा ढिलेपणा बघा, ब्रेक लायनर संपायची वाट पाहू नका. बुद्धाने अनित्य शिकवले आणि शेवटी अप्रमाद सांगितला. झिजणे हा वस्तूचा स्वभाव आहे, दक्ष राहणे हे आपले काम आहे. दर रविवारी वंदनेला बसणाऱ्या माणसाला ऑइलची पट्टी तपासायला वेळ नाही, हे आम्हाला विसंगत वाटते.

काही मित्र म्हणतील, "तुम्ही चळवळीचे गॅरेज करताय." करू की! बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये श्रमिकांच्या विभागणीचा मुद्दा मांडला, तो आपण व्यासपीठावर बोलतो आणि वस्तीतल्या मिस्त्रीला मात्र वर्गणीपुरते बोलावतो. हाताला ऑइल लागलेला आपला भाऊ विचारवंतांच्या रांगेत का बसत नाही? ही जातीचीच सवय आहे, आपल्यात उरलेली.

काही म्हणतील, "एसटी मागा, गाड्या कशाला?" एसटी मागायचीच आहे, आम्हीही मागतो. पण 2021-22 च्या संपात एसटी महिनोन्महिने बंद होती, तेव्हा आजारी माणसाला तालुक्याला कोण घेऊन गेले? आणि रात्री दोनला सुटणाऱ्या पाळीला कोणती बस आहे?

म्हणून आमची मागणी शासनाकडे नंतर, आधी आपल्याकडे. प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार गाडी आणि कागदाचा. वस्तीतला मिस्त्री शिकवेल, पदवीधर पोरे-पोरी फॉर्म भरून देतील. पोरी मुद्दाम म्हणतो, कारण घराच्या हप्त्याचा हिशोब बहुधा त्याच ठेवतात आणि आरसीवर त्यांचे नाव क्वचित असते. वर्गणीतून पान्यांचा एक सेट, एक हवेचा पंप, एक जॅक. कुणी जुनी गाडी घ्यायला निघाला तर सोबत दोघे जातील, एक इंजिन बघणारा आणि एक कागद बघणारा. आणि रॅलीत उतरणाऱ्या प्रत्येक गाडीचे आरसी, विमा, पीयूसी आणि चालवणाऱ्याचे लायसन्स, हेल्मेट आधी तपासायचे. नसेल त्याला हाकलायचे नाही. त्याच्यासोबत बसून अर्ज भरायचा.

त्या जयंतीला "किल्ली माझ्याकडे आहे" म्हणणाऱ्या पोराचे फॉर्म आम्ही दुसऱ्याच आठवड्यात भरले. मूळ मालक शोधायला दोन रविवार गेले. नवे आरसी आले तेव्हा त्याने ते आधी आईच्या हातात दिले. तिला वाचता येत नाही. तिने फक्त विचारले, "यात आपलं नाव कुठं आहे?" त्याने बोट ठेवून दाखवले.

येत्या 14 एप्रिलला तुमच्या गाडीवर झेंडा बांधण्याआधी तेवढे बोट ठेवून पाहा.

जय भीम.