पाहुणा की गिऱ्हाईक?

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली, की मुंबईकराच्या अंगात वारे शिरते. पूर्वी हे वारे त्याला लोणावळ्यापर्यंत नेई, फार तर महाबळेश्वरापर्यंत. आता त्याची धाव स्पेनमधील बार्सिलोनापर्यंत गेली आहे. लंडन-फ्रँकफुर्टला नोकरीनिमित्त राहणारी आपली मराठी मंडळी शुक्रवारी संध्याकाळी विमानात बसतात आणि दोन-अडीच तासांत या समुद्रकाठच्या नगरीत उतरतात. त्यांचे फोटो पाहून इथल्या भावंडांनाही तसाच बेत आखावासा वाटतो. इथून मात्र शेंगेन व्हिसा हवा. जून 2024 पासून त्याचे शुल्क मोठ्या माणसाला 90 युरो झाले आहे. शिवाय जाण्यायेण्यातच दोन दिवस संपायचे. तेव्हा मुंबईकराचा 'वीकेंड' निदान आठवड्याचा तरी असावा, हे उघड आहे.

पण पैसा आणि वेळ यांची तोंडमिळवणी झाली म्हणजे बेत पुरा झाला, असे मला वाटत नाही. त्या गावी आपण कोण म्हणून जाणार, हाही बेताचाच भाग आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना बार्सिलोना अपरिचित नाही. सर्व्हांटिसचा डॉन क्विक्झोट आयुष्यात प्रथम समुद्र पाहतो तो याच नगरीत, आणि त्याचा अखेरचा पराभव होतो तोही इथल्याच वाळूवर. 1615 साली प्रसिद्ध झालेल्या त्या दुसऱ्या भागात लेखकाने या नगरीच्या आतिथ्याचे मनापासून कौतुक केले आहे. त्याच नगरीत 6 जुलै 2024 रोजी हजारो नागरिकांनी पर्यटनाच्या अतिरेकाविरुद्ध मोर्चा काढला, आणि उपाहारगृहांबाहेर बसलेल्या पर्यटकांवर काहींनी पिचकाऱ्यांनी पाणी उडविले. परक्यांचे स्वागत करणारे गाव परक्यांवर पाणी का उडवू लागले?

याचे उत्तर तिथल्या 'बार्सिलोनेटा' या वस्तीत मिळते. 1714 साली शहर पडल्यावर विजेत्या राजाने तिथे किल्ला बांधला आणि त्यासाठी जुन्या वस्तीचा मोठा भाग पाडला. बेघर झालेल्यांची आठवण राज्यकर्त्यांना झाली ती 1753 साली. तेव्हा समुद्रालगतच्या रेताड जमिनीवर बार्सिलोनेटा वसविण्यास आरंभ झाला. कोळी, खलाशी, गोदीकामगार तिथे राहू लागले. पुढे घरांवर मजले चढले, एकेका घराचे चार-चार भाग झाले. एकेक भाग सुमारे 30 चौरस मीटरचा, म्हणजे आपल्या चाळीतल्या दोन खोल्यांएवढा. मग 1992 साली ऑलिंपिक सामने आले, किनारा धुऊनपुसून लख्ख झाला आणि जगाची नजर त्या वाळूवर पडली. त्या दोन खोल्या महिन्याच्या भाड्यापेक्षा रात्रीच्या भाड्याने अधिक पैसा देऊ लागल्या. ऑगस्ट 2014 मध्ये इथले रहिवासी प्रवाशांच्या धिंगाण्याला कंटाळून रस्त्यावर उतरले. जून 2024 मध्ये महापौरांनी दहा वर्षांत घरभाडे 68 टक्क्यांनी वाढल्याचे सांगितले, आणि पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या 10,101 सदनिकांचे परवाने नोव्हेंबर 2028 नंतर चालू ठेवणार नाही, असे जाहीर केले.

कुणी म्हणेल, "पर्यटकांच्या पैशावर हे शहर जगते, मग ही तक्रार कशाला?" हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. हॉटेलातल्या वाढप्याची चूल त्या पैशावर पेटते. पण त्याच वाढप्याला त्या शहरात घर परवडत नसेल, तर तो पैसा शेवटी कुणाच्या खिशात जातो, हे विचारायला नको का?

हे सारे इतक्या दूरचे आपण का उगाळावे? कारण बार्सिलोनेटाची एक बहीण आपल्या दारात आहे. माहीमच्या उपसागराच्या तोंडाशी, वरळीच्या किल्ल्याच्या पायथ्याला वरळी कोळीवाडा पसरला आहे. तशीच दाट घरे, तशाच अरुंद गल्ल्या आणि तोच समुद्राशी पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार. एका बाजूला 2009 साली खुला झालेला सागरी सेतू, दुसऱ्या बाजूला 2024 साली वाहता झालेला किनारी रस्ता. मोटारीतून जाणाऱ्याला मध्येच होड्यांचे रंग दिसतात आणि तो म्हणतो, "काय सुंदर देखावा!" पण कोळ्याला तो देखावा नव्हे, ते त्याचे शेत आहे.

या शेताची वाट राखण्यासाठी त्याला किती झगडावे लागले, ते आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. किनारी रस्ता सेतूला जोडणाऱ्या पुलाच्या दोन खांबांमध्ये 60 मीटर अंतर ठरले होते. क्लीव्हलँड बंदरातून निघणारी होडी वाऱ्यालाटेच्या माराने खांबावर आदळेल, असे कोळी सांगत राहिले. त्यांना याहून बरेच जास्त अंतर हवे होते. अखेर डिसेंबर 2022 मध्ये एक खांब गाळून ते 120 मीटर करण्याचे सरकारने मान्य केले. ज्यांनी तो समुद्र हयातभर वाचला, त्यांना आराखडा होण्यापूर्वी विचारले असते, तर ही ओढाताण टळली नसती काय?

उद्या या कोळीवाड्यालाही 'पर्यटनस्थळ' करण्याची हौस वाढणार. भिंती रंगवाव्यात, खाद्यपदार्थांचे ठेले मांडावेत, कोळणींच्या हातची चिंबोरी लोकांनी मिटक्या मारीत खावी; याला कुणाची हरकत असेल? पण जाळी सुकवायची जागा, होड्या ओढायचा उतार, ओहोटीला कालवे काढायचे खडक आणि राहते घर ही आधी कोळ्याची राहिली पाहिजेत. नाहीतर भिंतीवर कोळ्याचे चित्र उरेल आणि कोळी विरारच्या पलीकडे जाईल.

म्हणून बार्सिलोनाला जाणाऱ्याने खुशाल जावे. मात्र कुणाचे राहते घर मोडून केलेल्या खोलीऐवजी साध्या हॉटेलात उतरावे, रात्री गल्लीत आवाज खाली ठेवावा, दोन शब्द तिथल्या कातालान भाषेतले शिकावेत. आणि निघण्यापूर्वी एखाद्या रविवारी वरळी कोळीवाड्यात जाऊन यावे. फोटो काढण्याआधी माणसाला विचारावे, म्हावरे घेताना घासाघीस बेताने करावी. गिऱ्हाईक पैसे मोजून हक्क सांगतो. पाहुणा उंबऱ्याशी चपला काढतो. घरच्या किनाऱ्यावर ज्याला हे जमले, त्याच्यावर परक्या किनाऱ्यावर कुणी पाणी उडविणार नाही, आणि उडालेच तर त्यामागची तळमळ तरी त्याला कळेल.