गरुडाच्या फोटोमागचा मासा

दर हिवाळ्यात एक फोटो सगळीकडे फिरतो. समुद्रावर तरंगणारा बर्फ, त्यावर पिवळ्याधमक चोचीचा दांडगा गरुड. हा स्टेलरचा सागरी गरुड. पंख पसरले की दोन मीटरच्या वर. वीण रशियाच्या अतिपूर्वेला, आणि थंडीत मुक्काम जपानच्या होक्काइदो बेटावर. फोटो बहुतेक वेळा शिरेतोको द्वीपकल्पातल्या राउसू या मच्छीमार गावातला असतो.

फेब्रुवारीत मी पक्षी बघायला तिथं गेलो होतो. तो फोटो कसा मिळतो ते सांगायलाच हवं. पहाटे होडी बर्फापाशी जाते, होडीवरून मासे फेकले जातात, गरुड झेपावतात, कॅमेरे कडाडतात. झालं!

मच्छीमारांना नावं ठेवायला हे लिहीत नाहीये. उलट, गरुड इथं मोठ्या संख्येनं जमायला लागले तेच पोलॉक माशाच्या जाळ्यांमुळे. जाळ्यातून निसटलेलं खायला ते यायचे. पुढे मासा घटला. तेव्हा राउसूच्या मच्छीमारांनी आपणहून पोलॉकच्या क्षेत्राचे 34 भाग पाडले आणि 7 भागांत जाळं टाकायचं बंद केलं. त्यात अंडी घालायच्या जागाही होत्या. 2005 साली शिरेतोको जागतिक वारसा झालं, त्या निमित्तानं आणखी 6 भाग बंद झाले. कोणते भाग बंद ठेवायचे, याचा फेरविचार दरवर्षी होतो. पोटाला चिमटा घेऊन समुद्र राखणं म्हणतात ते हे.

म्हणूनच फेकलेला मासा मला खटकतो. जाळ्यातून सांडलेला मासा हा गावाच्या कामाचा भाग होता; हा मात्र आपल्या फोटोसाठी आहे. एका जागी गर्दी झाली की पक्ष्यांत भांडणं होतात, बर्ड फ्लूसारखा रोग पसरायची भीती वाढते. शिवाय 2022 पासून जपानच्या राष्ट्रीय उद्यानांत वन्यप्राण्यांना खायला घालणं दंडनीय आहे. शिरेतोकोत त्याचा मुख्य रोख अस्वलांवर, कारण माणसाकडून खाणं मिळतं हे कळलेलं अस्वल शेवटी गोळीनंच मरतं. म्हणजे जमिनीवर अस्वलाला खायला घातलं तर दंड, आणि समोरच्या समुद्रात गरुडाला घातलं तर त्याचं तिकीट!

‘मग गावानं हिवाळ्यात खायचं काय?’ हा प्रश्न रास्त आहे. उत्तर आपल्या खिशात आहे. मासे न फेकणाऱ्या फेरीला तेवढेच, हवं तर जास्त पैसे द्या. बुकिंग करतानाच विचारा, ‘मासे टाकणार का?’ गिऱ्हाईक काय मागतं, त्यावर धंदा ठरतो. राउसूत किनाऱ्यावरच्या झाडांवरही गरुड बसलेले दिसतात. लांबून दिसतात, फोटो साधा येतो. येऊ द्या.

आपल्या खाडीत सीगलला शेव-गाठ्या टाकणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. पक्षी बघायला जा, जेवायला घालायला नको.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहेच.