बेघरांचा निवारा आणि नगरपालिकांची तिजोरी

12 फेब्रुवारी 2025 रोजी शहरी बेघरांच्या निवाऱ्यासंबंधीचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे सुनावणीस आला. त्या दिवशी देशभरच्या वृत्तपत्रांत गाजली ती न्यायपीठाची एक टिप्पणी. फुकट धान्य आणि विनाश्रम पैसा मिळू लागल्याने लोक काम करावयास तयार नाहीत, असा तिचा आशय होता. परंतु त्याच सुनावणीत सरकारच्या वतीने जे सांगण्यात आले, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. शहरी दारिद्र्यनिर्मूलनाची नवी मोहीम आखली जात असून तीत बेघरांच्या निवाऱ्याचाही समावेश राहील, असे महान्यायवादींनी सांगितले. ज्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानातून निवाऱ्यांना केंद्राचा पैसा मिळत होता, त्याची मुदत 30 सप्टेंबर 2024 रोजी संपली होती. म्हणजे जुनी मोहीम संपलेली, नवी अद्याप कागदावर आणि मधला हिवाळा बेघरांनी काढावयाचा, अशी ती स्थिती होती. आळस कोणाचा, हा प्रश्न विचारावयाचाच असेल तर तो या जागी विचारला पाहिजे.

बेघर माणूस काम करीत नाही, हा समज शहरातील सुखवस्तू वर्गाने स्वतःच्या समाधानासाठी जोपासला आहे. प्रत्यक्षात पहाटे भाजीबाजारात हमाली करणारा, लग्नाच्या मांडवात वाढपी म्हणून राबणारा, नाक्यावर उभा राहून बांधकामाची मजुरी शोधणारा, हातगाडी ओढणारा, कचरा वेचणारा असा हा श्रमिक आहे. शहराला त्याचे श्रम हवे असतात. त्या श्रमिकाची रात्र मात्र नको असते. जो मजुरी देतो तो भाडे परवडेल इतकी मजुरी देत नाही आणि जो जागा देतो तो त्या मजुरीत परवडेल इतके भाडे घेत नाही. या दोहोंच्या कात्रीत सापडलेला माणूस फुटपाथवर येतो. त्याला फुटपाथवर आणणारी व्यवस्थाच पुढे त्याच्यावर अतिक्रमणाचा आरोप ठेवते.

2011 च्या जनगणनेनुसार देशात सुमारे 17 लाख 70 हजार लोक बेघर होते. पैकी 9 लाख 38 हजार शहरांत होते. 2001 साली हाच शहरी आकडा 7 लाख 78 हजार होता. ग्रामीण भागात बेघरांची संख्या घटत असताना शहरांत ती दहा वर्षांत वीस टक्क्यांनी वाढली. शेतीतून उखडलेला माणूस कोठे गेला, याचे उत्तर या आकड्यांत आहे. आणि त्याच 2011 साली देशातील शहरांत रिकाम्या पडलेल्या घरांची संख्या 1 कोटी 10 लाखांच्या आसपास होती. घरांचा तुटवडा म्हणून बेघर नाहीत. घर ही साठवून ठेवण्याची आणि भाव वाढवण्याची वस्तू बनली, म्हणून बेघर आहेत. भांडवलशाही घरांचा प्रश्न सोडवीत नाही, तो एका जागेवरून दुसऱ्या जागेवर ढकलते, हे एंगल्सने 1872 साली दाखवून दिले होते. भारतातील कोणत्याही महानगराचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास त्याचीच साक्ष देतो.

मुंबईचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. जुलै 1981 मध्ये, ऐन पावसाळ्यात, राज्याचे मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवून देण्याची घोषणा केली. त्यातून उद्भवलेल्या ओल्गा टेलिस खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने 10 जुलै 1985 रोजी निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग होय, हे तत्त्व त्या निकालाने प्रस्थापित केले. परंतु पावसाळा सरल्यावर झोपड्या हटवण्याची मुभाही त्याच निकालाने दिली. हक्क मान्य झाला, छप्पर गेले. 13 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझरच्या मनमानीला चाप लावून पाडकामापूर्वी 15 दिवसांची नोटीस बंधनकारक केली, तेव्हाही रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा आणि नदीकाठ यांवरील अनधिकृत बांधकामे त्या संरक्षणातून वगळण्यात आली. सर्वांत गरीब माणूस नेमका याच चार ठिकाणी राहतो.

निवाऱ्याच्या बाबतीत जे काही पाऊल पुढे पडले तेही लोकांच्या दबावामुळेच. डिसेंबर 2009 च्या थंडीत दिल्ली महापालिकेने पुसा रस्त्यावरील बेघरांचा तात्पुरता निवारा पाडला. त्यावर उठलेल्या आवाजानंतर, अन्नाच्या हक्कासंबंधीच्या याचिकेत, सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली आदेश दिले की मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे किमान एक निवारा असावा आणि तो वर्षभर, चोवीस तास उघडा राहावा. 2013 साली सुरू झालेल्या शहरी उपजीविका अभियानाने हेच प्रमाण स्वीकारले. मुंबईची लोकसंख्या 2011 साली 1 कोटी 24 लाख होती. या हिशेबाने तेथे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. या प्रमाणाच्या जवळपासही मुंबई कधी पोहोचली नाही. आणि ही गोष्ट आहे देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेची, जिचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74 हजार कोटी रुपयांच्या वर होता. मार्च 2022 पासून जानेवारी 2026 मधील निवडणुकीपर्यंत त्या तिजोरीचा कारभार लोकांनी निवडलेल्या सभागृहाविना चालला, हेही विसरता येत नाही.

सरकारी गोटातून यावर एक ठरावीक उत्तर येते: पैसा दिला होता, राज्यांनी व पालिकांनी तो खर्चच केला नाही. हे उत्तर सर्वस्वी खोटे नाही, म्हणूनच त्याचा नीट विचार केला पाहिजे. निधी उपलब्ध असूनही निवारे उभे राहत नाहीत, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2016 मध्ये तीव्र नाराजी व्यक्त केली आणि न्यायमूर्ती कैलाश गंभीर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. परंतु पैसा पडून राहतो याचा अर्थ गरज नाही असा होत नाही. तो ज्या रीतीने दिला जातो ती रीतच चुकीची आहे, असा होतो.

ही रीत कशी आहे? बहुतेक राज्यांसाठी केंद्र 60 टक्के आणि राज्य 40 टक्के अशी वाटणी. राज्याने आपला वाटा टाकला नाही तर काम अडते. इमारतीसाठी पैसा एकरकमी. चालवण्याचा खर्च पाच वर्षांपुरता. सहाव्या वर्षी राखणदार, सफाई कामगार, वीज, पाणी यांचा भार पालिकेवर. निवाऱ्यासाठी जमीन पालिकेने द्यावयाची. शहराच्या मध्यभागी जमिनीला सोन्याचा भाव, म्हणून निवारा वेशीबाहेर. पहाटे चार वाजता बाजारात हजर राहावे लागणारा हमाल आठ मैलांवरच्या निवाऱ्यात झोपावयास जात नाही. मग निवारा रिकामा दिसतो आणि बेघरांनाच निवारा नको, असा निष्कर्ष अधिकारी काढतात. शिवाय, लाखामागे एक हे प्रमाण सर्व शहरांना सारखेच. ज्या शहरात परप्रांतांतून मजुरांचा लोंढा येतो त्या सुरतेला आणि ज्या शहरातून मजूर बाहेर जातात त्यालाही तोच मापदंड. गरजेनुसार नव्हे, तर शिरगणतीनुसार वाटलेला पैसा गरज असेल तेथे अपुरा पडतो आणि नसेल तेथे पडून राहतो.

मुळात पालिकांच्या हाती राहिले आहे काय? 74 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून शहरी दारिद्र्यनिर्मूलन, झोपडपट्टी सुधारणा आणि दुर्बल घटकांचे हितरक्षण ही कामे पालिकांच्या यादीत घातली. कामे दिली, उत्पन्न दिले नाही. महाराष्ट्रातील महापालिकांचा कणा असलेली जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर गेला आणि 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर आल्यावर मुंबईची जकातही संपली. आता पालिका राज्य सरकारकडून येणाऱ्या भरपाईच्या हप्त्याची वाट पाहतात. 15 व्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी शहरी संस्थांना 1 लाख 21 हजार कोटी रुपयांची शिफारस केली. पण दहा लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांचा वाटा हवेची शुद्धता, पाणी आणि घनकचरा यांच्याशी जखडला. हवा शुद्ध हवी यात शंका नाही. परंतु ती हवा उघड्यावर झोपून घेणाऱ्या माणसासाठी त्या अनुदानात शीर्षकही नव्हते.

हा प्रश्न केवळ भारतीय नाही. इंग्लंडमध्ये 2017 च्या कायद्याने बेघर होण्याची वेळ आलेल्या माणसाला आधीच मदत करण्याचे कर्तव्य स्थानिक परिषदांवर टाकण्यात आले आणि त्यासाठी प्रतिबंध अनुदान सूत्रानुसार वाटले जाते. परंतु 1980 च्या गृहनिर्माण कायद्यानंतर थॅचर सरकारने परिषदांची घरे विकून टाकली. त्यांची जागा भरून काढील इतकी नवी घरे बांधली गेली नाहीत. परिणामी मार्च 2025 अखेर तेथे 1 लाख 30 हजारांहून अधिक कुटुंबे तात्पुरत्या निवाऱ्यात होती. बेघर होणे टाळण्यासाठी दिलेला पैसा खासगी घरमालकांच्या आणि हॉटेलवाल्यांच्या भाड्यात जिरू लागला. अखेर 2025-26 च्या अनुदानातील 49 टक्के रक्कम प्रतिबंध व प्रत्यक्ष मदतीसाठी राखून ठेवण्याची सक्ती सरकारला करावी लागली. यातून दोन धडे निघतात. प्रतिबंधाचा पैसा वेगळा राखला नाही तर तातडीचा खर्च तो गिळून टाकतो. आणि सार्वजनिक मालकीची घरे नसतील तर अनुदानाचे सूत्र कितीही बदलले तरी शेवटी पैसा घरमालकाच्याच खिशात जातो.

भारतात तर प्रतिबंधाची कल्पनाच सरकारदप्तरी नाही. उलट, बेघर करण्यासाठी मात्र पैसा कधी कमी पडत नाही. बुलडोझरचे भाडे, पोलिसांचा बंदोबस्त, राडारोडा वाहून नेणे, सारे काही मंजूर असते. हटवलेल्या कुटुंबाच्या पर्यायी जागेचीच तेवढी तरतूद नसते. पंतप्रधान आवास योजनेच्या शहरी भागात स्वतः घर बांधणाऱ्याला केंद्राने दीड लाख रुपये दिले, पण त्यासाठी आधी स्वतःची जमीन हवी. फुटपाथवरच्या माणसाने जमिनीचा उतारा कोठून आणावा? 2020 च्या टाळेबंदीत लाखो मजूर पायी गावाकडे निघाले, तेव्हा सरकारला भाड्याच्या घरांची आठवण झाली आणि पूर्वीच्या योजनांतील रिकामी पडलेली 80 हजारांहून अधिक सरकारी घरे मजुरांना भाड्याने देण्याची घोषणा झाली. त्यांतील फारच थोडी प्रत्यक्षात वापरात आली.

वेगळे काही घडू शकते, हे केरळने दाखवले. 1996 च्या जननियोजन मोहिमेपासून त्या राज्याने योजनाखर्चाचा मोठा हिस्सा स्थानिक संस्थांच्या हाती सोपवला. 2016 साली सत्तेवर आलेल्या डाव्या लोकशाही आघाडी सरकारने त्याच पायावर ‘लाइफ’ मोहीम उभी केली. लाभार्थींची यादी ग्रामसभांपुढे ठेवली गेली. राज्याचा निधी, पंचायती व पालिकांचा योजनानिधी आणि हुडकोचे कर्ज एकत्र करून प्रत्येक घराला साधारण 4 लाख रुपये देण्यात आले. 2025 पर्यंत 4 लाखांहून अधिक घरे पूर्ण झाली. या घरांवर केंद्राच्या योजनेचे नाव झळकवावे, हा हट्ट राज्याने मानला नाही. गरिबाच्या दारावर दानाची पाटी लावावयाची नसते, ही त्यामागील भूमिका होती. भूमिहीनांसाठीच्या सामूहिक इमारतींचे काम तेथेही संथ राहिले, हे मान्य करावयास हवे. जमिनीचा प्रश्न आला की गती मंदावते, हाही त्या अनुभवाचाच भाग आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. निवाऱ्यांचा चालू खर्च पाच वर्षांची मुदत न घालता दरवर्षी केंद्र व राज्याने उचलावा आणि तो मोहिमांच्या लहरीवर न सोडता 2026 ते 2031 या वित्त आयोगाच्या कालखंडात पालिकांच्या हक्काच्या अनुदानाचा भाग बनावा. वाटणीचे सूत्र केवळ लोकसंख्येवर न ठेवता बेघरांची प्रत्यक्ष संख्या, स्थलांतरित मजुरांचे प्रमाण आणि पालिकेची आर्थिक कुवत यांवर आधारावे. राज्याचा वाटा आला नाही म्हणून केंद्राचा हप्ता रोखू नये. ज्या प्रकल्पासाठी वस्ती उठवली जाते, त्या प्रकल्पाच्याच खर्चात पर्यायी घराची रक्कम आधी जमा झाल्याखेरीज एकही झोपडी हलता कामा नये. निवाऱ्यातून भाड्याच्या खोलीत जाण्यासाठी, तसेच थकलेल्या भाड्यापायी कुटुंब रस्त्यावर येऊ नये म्हणून, वेगळा राखीव निधी असावा. आणि सार्वजनिक जमीन बिल्डरांना विकण्याऐवजी तीवर पालिकेच्या मालकीची भाड्याची घरे उभी राहावीत.

या लढ्याची पहिली कसोटी जनगणनेत आहे. लांबलेल्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 ठरली आहे. 2011 साली बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकण्यात आली होती. पुलाखाली, स्थानकाच्या फलाटावर, बंद दुकानाच्या पायरीवर झोपणारा माणूस, विशेषतः पोलिसांच्या धाकाने लपून झोपणारी बाई, एका रात्रीत सापडत नाही. जो मोजला गेला नाही, त्याच्या नावे पुढील दहा वर्षे एक पैसाही येत नाही. दिल्ली, सुरत, इंदूर, हैदराबाद, पुणे, नागपूर, मुंबई, जेथे जेथे पक्षाचे सभासद कामगार संघटनांत, महिला संघटनांत आणि वस्त्यांत काम करतात, तेथे बेघर कोठे झोपतात याची यादी आधीच तयार करून मोजणी अधिकाऱ्यांपुढे ठेवण्याचे काम त्यांच्याकडे येते.

येथे आत्मपरीक्षणही अटळ आहे. संघटित कामगारांच्या वेतनासाठी झालेल्या लढ्यांचा इतिहास उज्ज्वल आहे. झोपडीवासीयांच्या हक्कासाठीही रक्त सांडले आहे. परंतु ज्याच्याकडे झोपडीही नाही, ज्याला शिधापत्रिका नाही, मतदारयादीत नाव नाही आणि म्हणून कोणत्याही नगरसेवकाला ज्याची पर्वा नाही, त्याच्यापर्यंत चळवळ फार क्वचित पोहोचली. तो मोर्चात मोजला जात नाही, म्हणून तो कामगारवर्गाबाहेरचा ठरत नाही. उलट, त्याच्या असहायतेचा धाक दाखवूनच मालक इतरांची मजुरी खाली खेचतो. त्याला छप्पर मिळवून देणे हा दयेचा भाग नव्हे. सबंध कामगारवर्गाच्या संरक्षणाचा तो भाग आहे. पालिकेच्या पुढच्या अर्थसंकल्पाच्या वेळी निवाऱ्यासाठी किती, हा प्रश्न प्रत्येक शहरात, प्रत्येक सभागृहाबाहेर उभा राहिला पाहिजे. आणि सभागृहात पक्षाचा एकच प्रतिनिधी असला तरी तो तेथेही विचारला गेला पाहिजे.