पिवळे डोळे आणि तीन पाकिटे

पुण्यात कुणाचे डोळे पिवळे दिसले की पहिला संशय पाण्यावर जातो. त्यात चूक काही नाही. याच शहरातल्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने पाण्यातून पसरणाऱ्या 'हेपेटायटिस ई'चा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे आणि २०१२ मध्ये इचलकरंजीत आलेली काविळीची साथ अनेकांना आठवत असेल. मग घरात पाणी उकळणे सुरू होते, फोडणी बंद होते. सोबतीला गळ्यात काविळीची माळ येते, नाहीतर कुणीतरी चुन्याच्या निवळीत हात धुऊन कावीळ 'उतरवून' देतो. विषाणूची कावीळ बहुधा आपली आपण बरी होते. श्रेय मात्र माळेला मिळते.

पण एका काविळीचा पाण्याशी काही संबंध नसतो. यकृतात तयार झालेले पित्त ज्या नळीतून आतड्यात उतरते, ती नळीच तुंबते. नळी ती केवढी, साधारण सहा मिलिमीटरची! ती अडली की पित्त मागे फिरून रक्तात मिसळते. लघवी गडद होते, शौचाचा रंग पांढुरका, मातकट होतो आणि अंगाला खाज सुटते. घरातल्या बायकांच्या हे आधी लक्षात येते. पण 'काविळीत असे व्हायचेच' म्हणून त्यांना गप्प केले जाते. नळीत खडा असेल तर पू होऊन थंडीताप भरतो, जिवावर बेतते. स्वादुपिंडाच्या शिरोभागात गाठ असेल, तर माळ लांबण्याची वाट पाहता पाहता शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते.

नळी अडली आहे हे कळणे त्या मानाने सोपे; कशाने अडली, हे ठरवणे अवघड. कूर्व्हाझिए या स्विस शल्यविशारदाने १८९० मध्ये हाताच्या बोटांवर भरवसा ठेवून एक ठोकताळा सांगितला होता : कावीळ आहे आणि फुगलेले पित्ताशय हाताला लागते आहे, तर कारण खडा असण्याचा संभव कमी. आज यंत्रे आहेत, पण प्रत्येकाची नजर वेगळी. सोनोग्राफी स्वस्त आणि निरुपद्रवी. पित्ताशयातले खडे आणि फुगलेली नळी ती छान दाखवते. नळीचे खालचे टोक मात्र आतड्यातल्या वायूमागे दडते. सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंड, गाठ आणि तिला खेटलेल्या रक्तवाहिन्या दिसतात. पण कित्येक खड्यांची घनता पित्ताइतकीच असते, ते दिसतच नाहीत. १९९१ च्या सुमारास आलेली एमआरसीपी ही एमआरआयचीच एक तऱ्हा. तीत साचलेले पित्त उजळ दिसते आणि पित्तनळ्यांचे झाड कुठे तुटले आहे ते कळते. अगदी बारीक खडा तिच्याही नजरेतून सुटू शकतो. तोंडावाटे दुर्बीण घालून करायची ईआरसीपी १९६८ पासूनची. तिच्यात खडा काढता येतो, नळीत स्टेंट बसवता येतो; पण स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असल्याने नुसते बघण्यासाठी ती आता सहसा करीत नाहीत.

बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला यात नवल वाटत नाही. कॅशबुक बरोबर, खतावणी बरोबर, व्हाउचरेही बरोबर, आणि तरी संध्याकाळी मेळ बसत नाही, हे आम्ही कितीदा पाहिले! तिन्ही एका टेबलावर घेऊन बसल्याशिवाय फरक सापडत नसे. आपल्याकडे सोनोग्राफी एका पेठेत, सीटी दुसऱ्या रस्त्यावर, एमआरआय तिसरीकडे होते. तीन पाकिटे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मुलगा रिक्षाने हिंडतो. प्रत्येक अहवाल आपापल्या जागी खरा असतो. रुग्णाच्या पोटात एकूण काय चालले आहे, हे त्यांतला एकही एकट्याने सांगत नाही.

क्रमालाही महत्त्व आहे. गाठीचा संशय असेल तर सीटी आधी, स्टेंट नंतर, हे बरे. स्टेंट पडला की त्याची सावली आणि भोवतालची सूज चित्र गढूळ करते. पू झाला असेल तर मात्र थांबायला सवड नसते, आधी नळी मोकळी करावी लागते.

तेव्हा नातेवाइकांनी भीड न बाळगता विचारावे : डॉक्टर, या सगळ्या फिल्म्स कुणी एकत्र पाहिल्या का? अहवालाच्या कागदाबरोबर फिल्म आणि सीडीही मागून घ्यावी, आणि आधीच्या तपासण्यांचे कागद, कितीही जुने असोत, त्याच पिशवीत ठेवावेत.