अभ्यास हवा, टोलवाटोलवी नको

पुण्यातल्या सार्वजनिक वाहतुकीबद्दल तक्रार केली की अधिकाऱ्यांकडून आणि पुढाऱ्यांकडून ठरलेले उत्तर मिळते: अभ्यास सुरू आहे. सल्लागार नेमलेला असतो, सर्वेक्षण चाललेले असते, अहवाल आला की पुढचे पाहायचे असते. भर उन्हात हडपसरच्या किंवा कात्रजच्या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला हे उत्तर ऐकून संताप येतो. त्या भरात तो म्हणतो, हे अभ्यास बंदच करा, नुसती पैशांची उधळपट्टी आहे. मला त्याचा संताप पूर्ण मान्य आहे. त्याचा निष्कर्ष मात्र मान्य नाही, आणि प्रशासनाचे समर्थन तर त्याहून मान्य नाही. या दोन्ही गोष्टी का, ते नीट मांडले पाहिजे.

आधी प्रशासनाचा पक्ष पाहू. त्यांचे पहिले म्हणणे असे की पुरेशा तयारीशिवाय काम केले तर काय होते ते पुण्याने भोगले आहे. २००६ मध्ये स्वारगेटहून कात्रज आणि हडपसरच्या दिशेने देशातला पहिला बीआरटी मार्ग, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका असलेला रस्ता, सुरू झाला. मार्गिका सलग नव्हत्या, खासगी वाहने आत घुसत, रस्ता ओलांडताना लोकांचे हाल होत. घाई केली म्हणून योजना बदनाम झाली, तेव्हा आता आधी अभ्यास, मग काम.

यातली अर्धी गोष्ट खरी आहे. पहिला मार्ग घाईने झाला. पण पुढचा इतिहास या युक्तिवादाच्या विरुद्ध साक्ष देतो. पहिल्या प्रयोगाचे दोष हेरून, थांब्याचा ओटा आणि बसचा मजला एका उंचीवर आणून, रस्त्याच्या मधोमध बंदिस्त थांबे बांधून २०१५ पासून 'रेनबो बीआरटी' सुरू झाली. ही घाई नव्हती, हा अभ्यासच होता. तरीही २०१६ मध्ये सुरू झालेला नगर रस्त्यावरचा मार्ग काही वर्षांतच उखडायला घेतला गेला. त्याच सुमारास शेजारच्या पिंपरी-चिंचवडमध्ये सांगवी ते किवळे आणि नाशिक फाटा ते वाकड हे मार्ग सुरू झाले होते. तिथेही घुसखोरी होते, तिथेही दोष आहेत, पण ते मार्ग टिकले. बस चालवणारी संस्था दोन्हीकडे एकच, पीएमपीएमएल. मग फरक कशात पडला? एका महापालिकेने घेतलेला निर्णय निभावला, दुसरीने मोटारचालकांची ओरड होताच हात झटकले. अभ्यासाची कमतरता हे याचे कारण असूच शकत नाही.

दुसरे म्हणणे असे की सल्लागाराची फी प्रकल्पाच्या खर्चाच्या मानाने किरकोळ असते, तिच्यावर गहजब कशाला? हेही मी मान्य करतो. २०१६ मध्ये मंजूर झालेल्या पुणे मेट्रोचा अंदाजित खर्च ११,४२० कोटी रुपये होता. त्यापुढे अहवालाचा खर्च काहीच नाही. नागरिकांनी फीच्या आकड्यांवर भांडण केले तर ते हरतील. कारण अहवालाची खरी किंमत रुपयांत नाही, वर्षांत मोजावी लागते.

मेट्रोचेच पाहा. दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशनने पुण्यासाठी सविस्तर प्रकल्प अहवाल तयार केला तो २००९ मध्ये. केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली डिसेंबर २०१६ मध्ये. त्याच महिन्यात भूमिपूजन झाले आणि ६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे महाविद्यालय आणि पिंपरी ते फुगेवाडी या टप्प्यांवर पहिली गाडी धावली. म्हणजे अहवाल हातात असताना ठरवायला सात वर्षे लागली, आणि करोनाची टाळेबंदी सोसूनही पहिले टप्पे बांधायला पाचच. अभियंत्यांनी आणि मजुरांनी जेवढा वेळ घेतला त्याहून जास्त वेळ टेबलांनी खाल्ला. मार्ग जमिनीवरून की जमिनीखालून, कर्वे रस्त्याने की नदीपात्राकडून, यावर वाद झाले, पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. वाद घालण्यात काही गैर नव्हते. नदीपात्राबद्दलचा आक्षेप तर गंभीरच होता. गैर एवढेच की वाद संपवण्याची तारीख कोणीच ठरवली नव्हती.

त्याहून दु:खद कथा 'एचसीएमटीआर'ची आहे. शहराच्या मधल्या भागाला वळसा घालणारा सुमारे ३५ किलोमीटरचा उच्च क्षमतेचा वाहतूक मार्ग १९८७ च्या विकास आराखड्यात दाखवला गेला. त्यासाठी जागांवर आरक्षणे पडली. पुढे आराखडे झाले, सल्लागार झाले, २०१९ मध्ये निविदा मागवल्या, बोली अंदाजापेक्षा खूपच वर गेल्या आणि प्रक्रिया रद्द झाली. नंतर त्याच मार्गावर रबरी टायरवर चालणाऱ्या निओ मेट्रोचा विचार पुढे आला, म्हणजे पुन्हा नवा अहवाल. आराखड्यात ती रेघ ओढली तेव्हा शाळेत असलेली मुले आज निवृत्तीकडे झुकली आहेत. आरक्षणाखाली ज्यांच्या जागा अडकल्या त्यांना ना नीट घर बांधता आले, ना शहराला मार्ग मिळाला. हा खर्च कोणत्याही सल्लागाराच्या बिलात दिसत नाही.

तिसरा युक्तिवाद नियमांचा. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणानुसार सर्वंकष वाहतूक आराखडा हवा, पर्यायांची तुलना हवी, त्रयस्थ संस्थेकडून तपासणी हवी. मग अभ्यास टाळायचा कसा? मी टाळा म्हणत नाही. पण ते धोरण शहरासाठी एक आराखडा मागते. आपल्याकडे दोन महापालिका, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए), मेट्रो बांधणारी महामेट्रो आणि पीएमपीएमएल अशा संस्था आहेत, आणि वेगवेगळ्या काळी वेगवेगळ्या संस्थेने आपापला आराखडा करवून घेतला. एकाचा कागद दुसऱ्याला बांधील नाही. याचा परिणाम पुणेकरांनी डोळ्यांनी पाहिला आहे: विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल जेमतेम दीड दशकही वापरला गेला नाही, आणि २०२० मध्ये हिंजवडी मेट्रोच्या वाटेत येतो म्हणून पाडावा लागला. दोन्ही कामांच्या मागे तज्ज्ञ होते. फक्त ते एकमेकांशी बोलले नव्हते, कारण त्यांना बोलायला लावणारे अधिकारी पीठच शहरात नव्हते.

आकडेवारी जुनी झाली म्हणून नवे सर्वेक्षण लागते, असेही सांगतात. जुनी झाली, कारण ती कपाटात पडून राहिली. निर्णय लांबवायचा आणि लांबलेल्या निर्णयाचेच कारण दाखवून नव्याने मोजणी करायची, या चक्राला शेवट नाही.

आता संतापलेल्या नागरिकाकडे वळतो, कारण त्याच्याशीही माझे भांडण आहे. अभ्यास बंद करा हे त्याचे म्हणणे त्याच्याच हिताचे नाही. स्वारगेट ते कात्रज हा सुमारे साडेपाच किलोमीटरचा भुयारी मेट्रो मार्ग केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केला, तेव्हा त्यात तीनच स्थानके होती. त्या रस्त्यावर राहणारा कोणीही सांगेल की दोन-दोन किलोमीटर अंतरावरची स्थानके तिथल्या वस्तीला पुरणार नाहीत. लोकांनी मागणी लावून धरली आणि बालाजीनगर, बिबवेवाडी या स्थानकांची भर पडली. अभ्यास कमी झाला म्हणून ही चूक झाली नाही. ज्यांचा अभ्यास करायचा त्यांनाच विचारले नाही म्हणून झाली. उत्तर कमी अभ्यासात नाही, उघड्यावर केलेल्या अभ्यासात आहे.

दिल्लीचा दाखला तर फारच बोलका आहे. तिथल्या जलद वाहतुकीचा पहिला अभ्यास १९६९-७० मधला. त्यानंतर पंचवीस वर्षे दिल्लीनेही आपल्यासारखेच अहवाल साठवले. १९९५ मध्ये दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशन स्थापन झाले, १९९८ मध्ये काम सुरू झाले आणि डिसेंबर २००२ मध्ये शाहदरा ते तीस हजारी गाडी धावली. या वेळी अहवालाला धनी मिळाला: निर्णय घेण्याचा अधिकार असलेली, पैसा हाताशी असलेली आणि तारखेला उत्तरदायी असलेली एक संस्था. तिचे तेव्हाचे प्रमुख ई. श्रीधरन यांचे कर्तृत्व मोठे आहेच, पण त्यांच्या हाती तो अधिकार दिला गेला होता हे विसरून चालणार नाही.

मग पुण्याने काय करावे? प्रत्येक अभ्यासाचा कार्यारंभ आदेश देतानाच त्यावर निर्णय कोण घेणार आणि कोणत्या तारखेला, हे त्यात लिहिलेले असावे. ती तारीख चुकली तर त्या अधिकाऱ्याने जाहीरपणे कारण द्यावे. जनतेच्या पैशाने झालेला अहवाल आणि त्यामागची आकडेवारी जनतेसमोर यावी. दोन्ही शहरांच्या वाहतुकीसाठी कायद्याचे बळ असलेले एकच प्राधिकरण असावे आणि त्यात पगारी, कायमचे वाहतूकतज्ज्ञ असावेत. सल्लागार अहवाल देतो आणि निघून जातो. त्याच्याबरोबर शहराने विकत घेतलेले ज्ञानही निघून जाते. अहमदाबादला बीआरटी आखताना तिथल्याच सेप्ट विद्यापीठाचा आधार होता, ते ज्ञान गावात राहिले. आपल्याकडे तर भोसरीत केंद्रीय रस्ते परिवहन संस्था आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत.

आणि काही गोष्टींसाठी तर एकाही नव्या अभ्यासाची गरज नाही. शहरी बससेवेसाठी केंद्राचे माप आहे: लाखामागे ६० बस असतील तर सेवा उत्तम. २०११ च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या ४८ लाखांवर होती. त्या जुन्या लोकसंख्येलाही सुमारे २,९०० बस हव्यात. पीएमपीएमएलचा ताफा दोन हजारांच्या आसपास घुटमळतो आहे, आणि त्यातल्याही सगळ्या गाड्या रोज रस्त्यावर नसतात. मधल्या काळात दोन्ही शहरे किती वाढली ते आपण पाहतोच आहोत. कोणत्या मार्गावर किती प्रवासी चढतात हे वाहकाच्या हातातल्या तिकीट यंत्रात रोज नोंदले जाते. बस घ्यायला, थांब्यावर सावली करायला, गर्दीच्या रस्त्यावर बससाठी मार्गिका राखायला आणखी कोणता पुरावा हवा? धुणीभांडी करून दोन बस बदलत घरी जाणाऱ्या बाईला मेट्रोचा तिसरा टप्पा कधी येईल याच्याशी देणेघेणे नाही. तिला पुढची बस दहा मिनिटांत यायला हवी आहे, आणि ती देणे आजच्या आज शक्य आहे.

मार्च २०२२ पासून कित्येक वर्षे पुणे महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच नव्हते, त्यामुळे जाब कुणाला विचारायचा हाही प्रश्न होता. ती सबब आता उरलेली नाही. आपल्या प्रभागातल्या नगरसेवकाला गाठा. वाहतुकीचे किती अहवाल महापालिकेच्या ताब्यात आहेत, त्यांतल्या किती शिफारशींवर निर्णय झाला आणि उरलेल्यांवर कोणत्या तारखेला होणार, हे त्याला विचारा. उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी घ्या.