तुम्हाला काय कमी आहे?

नाशिकच्या सुस्थित मध्यमवर्गात अलीकडे एक प्रश्न फार आपुलकीने विचारला जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास तो हमखास कानी पडतो. वीस वर्षे जुनी स्कूटर वापरणाऱ्या निवृत्त अधिकाऱ्याला, मुलीचे लग्न शंभर माणसांत करू पाहणाऱ्या पित्याला, दोन साड्यांवर सण साजरा करणाऱ्या प्राध्यापिकेला लोक विचारतात, ''तुम्हाला काय कमी आहे?'' सूर काळजीचा, आशय मात्र उलटतपासणीचा! कमी नसताना तुम्ही खर्च करीत नाही, म्हणजे एक तर तुम्ही कंजूष आहात किंवा ढोंगी. खिशात पैसा असताना, समजून-उमजून, ठरवून वस्तू न घेणे ही तिसरी शक्यता आपल्या समाजाच्या कल्पनेतूनच हद्दपार होऊ लागली आहे.

आणि हे कोठे घडते आहे? ज्या नगरीची सारी कीर्ती एका राजपुत्राच्या पर्णकुटीवर उभी आहे, त्या नगरीत. रामाला काय कमी होते? मला बंदीत टाक आणि राज्य घे, असे दशरथ सांगत होता. लक्ष्मण बळाने सिंहासन मिळवू म्हणत होता. भरत तर चित्रकूटापर्यंत राज्य परत द्यायला आला. रामाने ते घेतले नाही, म्हणून पंचवटी आहे. पुढे याच पंचवटीत सोन्याचे हरीण आले. असे हरीण जन्मत नाही, एवढे शहाणपण त्या पर्णकुटीत होते. हा मारीच आहे असे लक्ष्मणाने स्पष्ट बजावलेही होते. तरी मोह झाला. प्रवचनकार सगळा दोष सीतामाईच्या माथी मारतात, ते मला कधीच पटले नाही. धनुष्य उचलून धावला तो राम होता. आज कॉलेज रोडला आणि गंगापूर रोडला हे हरीण दर दहा पावलांवर उभे असते आणि त्याच्या गळ्यात 'शून्य टक्के व्याज' अशी पाटी असते, इतकाच काय तो फरक.

यावर आमचे अर्थपंडित मित्र लगेच सरसावतात. लोकांनी खर्च केला नाही तर कारखाने चालायचे कसे? सातपूर-अंबडच्या कामगाराने खायचे काय? देशाच्या स्थूल उत्पादनात खासगी उपभोगाचा वाटा ६० टक्क्यांच्या आसपास आहे, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु आम्ही न उधळलेला पैसा रांजणात पुरून ठेवत नाही. तो बँकेत जातो, ठेवीत जातो, कोणाच्या तरी यंत्राला भांडवल म्हणून उभा राहतो. या देशाची धरणे, रस्ते आणि कारखाने ज्या बचतीतून उभे राहिले, तीत घराघरांतल्या आई-आजींनी मोडून न खाल्लेल्या रुपयाचाही वाटा होता. त्या बचतीचे आज काय झाले आहे? २०२२-२३ साली कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या ५ टक्क्यांच्या आसपास उतरली. कित्येक दशकांतला तो नीचांक होता. तारणाविना दिल्या जाणाऱ्या उपभोग कर्जांचा वेग पाहून नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला त्यांवरील नियम कडक करावे लागले. म्हणजे ज्याला आपण समृद्धी म्हणून मिरवतो, त्यातली बरीचशी पुढच्या वर्षांच्या पगारातून उसनी आणलेली आहे.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईतील चार व्याख्यानांत एकात्म मानवदर्शन मांडले. त्यात या उफराट्या क्रमावर त्यांनी नेमके बोट ठेवले होते. पूर्वी गरज निर्माण होई आणि मग उत्पादन; आता उत्पादन आधी आणि त्याला पुरेशी हाव मागाहून निर्माण करायची. ती पुस्तिका आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात आहे. कपाट मात्र नवे आहे.

हे लिहिणारा कोणी वैरागी नव्हे. २०१९ साली आमच्या घरी, जुना दूरचित्रवाणी संच उत्तम चालत असताना, भिंतभर रुंदीचा नवा संच अठरा हप्त्यांवर आला. त्याच काळात एका वृद्ध कार्यकर्त्याच्या शस्त्रक्रियेसाठी निधी जमवला जात होता. ज्यांनी मला लेखणी धरायला शिकवले, त्यांच्यापैकी ते एक. मी दिलेली रक्कम त्या महिन्याच्या हप्त्याहून लहान होती. कोणी काही बोलले नाही. पत्नीने घरखर्चाच्या वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले, तेवढेच. आमच्या घरी नवी वस्तू न घेण्याचा नेम सुरू झाला तो त्या पानापासून. कोणत्याही उपनिषदापासून नव्हे.

आता थोडे आपल्याच माणसांविषयी. स्वदेशीचा अर्थ आपण सोयीने 'परक्याची नको, आपली घ्या' एवढाच करून घेतला आहे. भारतीय बनावटीची चौथी अनावश्यक वस्तू घेऊन आपल्याला राष्ट्रकार्य केल्याचे समाधान मिळते. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. तिच्यामागे भगूरचे विनायक दामोदर सावरकर हे विद्यार्थी होते. अंगावरचे वस्त्र आगीत टाकणाऱ्याचे काही तरी जात होते. सावरकरांना तर दंड झाला आणि वसतिगृहही सोडावे लागले. आपल्या स्वदेशीत आपले काय जाते?

खादी म्हटले की १९२० नंतरचा काळ आठवतो. त्याच्या कितीतरी आधी, १८७२ साली, पुण्याच्या गणेश वासुदेव जोशी यांनी, म्हणजे आपल्या सार्वजनिक काकांनी, स्वदेशी वस्त्राचे व्रत घेतले. काका वकील होते. विलायती मलमल त्यांना सहज परवडत होती. १८७७ च्या दिल्ली दरबारात, जेथे संस्थानिक हिऱ्या-मोत्यांत मढून आले होते, तेथे हा गृहस्थ सार्वजनिक सभेचा प्रतिनिधी म्हणून जाडेभरडे कपडे घालून उभा राहिला. काकांना तेथे कोणी विचारले असेल का, तुम्हाला काय कमी आहे?

अगदी आपल्या काळातले उदाहरण हवे असेल तर मेळघाटातील बैरागडचे डॉ. रवींद्र कोल्हे यांचे घ्या. लग्नासाठी त्यांच्या अटी होत्या : चाळीस किलोमीटर चालण्याची तयारी, पाच रुपयांतला नोंदणी विवाह, महिना चारशे रुपयांत संसार, आणि वेळ पडल्यास इतरांसाठी भीक मागण्याची तयारी. डॉ. स्मिता यांनी त्या मान्य केल्या. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. मला अधिक मोठे वाटते ते स्मिताताईंचे पाऊल. कारण नागपुरातील चांगला चाललेला दवाखाना त्या मागे ठेवून गेल्या. तेवढे आपल्याकडून होणार नाही, हे कबूल. पण चारशे आणि चार लाख यांच्या मध्ये बरीच जागा आहे.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. सर्वांनीच खरेदी थांबवली तर येवल्याच्या पैठणी विणकराचे काय? उत्तर असे की, त्याचे पोट आपल्या उधळपट्टीने भरत नाही. तीन पिढ्या टिकणारी एक पैठणी, तीही घासाघीस न करता पूर्ण दामाने घेतलेली, त्याच्या मागाला आधार देते. वर्षाकाठी दहा वेळा 'सेल'मधून आणलेल्या आणि दोनदा नेसून टाकून दिलेल्या नकली साड्या तो माग बंद पाडतात. तीच गोष्ट तांबटांची. एकेकाळी नाशिकची तांब्या-पितळेची भांडी दूरवर जात. भांडे एकदा घ्यायचे आणि कल्हई, डाग, ठोकाई यांसाठी त्याच हातांकडे पुन्हा पुन्हा जायचे, असा तो व्यवहार होता. आपण भांडे टाकून द्यायला शिकलो आणि त्या हातांचे काम गेले.

गेल्या वर्षी आमच्या आजीची पितळी पातेली माळ्यावरून काढली. कल्हई करणारा शोधण्यात तीन रविवार गेले. अखेर जुन्या नाशकात एका बोळात एक वृद्ध गृहस्थ सापडले. त्यांनी पातेले उलटसुलट करून पाहिले, बोटाने वाजवले आणि माझ्याकडे जरा निरखून पाहत म्हणाले, ''साहेब, स्टीलचे नवे का घेत नाही? तुम्हाला काय कमी आहे?''

मी पातेली तेथेच ठेवली आणि शुक्रवारी न्यायला येतो म्हणालो.